अ. पा. क. आई

गेल्या वर्षी म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, गावी गेले होते. आचऱ्याला आमच्या घरी म्हाळ म्हणजे पहाटेपासून चूल पेटलेली, काळ्या वाटाण्याचं सांबार रटरटतंय, वडे तळायला घेतलेत, आणि काकी सगळ्यांवर लक्ष ठेवून की पितरांना वाडी दाखवल्याशिवाय कोणी तोंडात काही टाकायचं नाही. दादा, म्हणजे भाऊकाकांचा मुलगा, ओटीवर पाटावर बसला होता आणि भटजी एकेक नाव विचारत होते. वडील, आजोबा, पणजोबा, ते भराभर झालं. मग बायकांची नावं. काकी आहे म्हणून आईचं घ्यायचं नव्हतं, आजीचं घेतलं, आणि मग भटजी म्हणाले, पणजीचं? दादा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काकीकडे, काकीने झारा हातात धरून दाराच्या चौकटीतूनच मान हलवली. आणि दादाच्या डोक्यावर बरोब्बर वरती, भिंतीवर, फ्रेम केलेली आमची वंशावळ होती, दोनशेच्या वर नावं असलेली, भाऊकाकांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून केलेली. त्यात पणजोबांच्या चौकोनात पणजोबा एकटेच. भटजींना अजून दोन घरं करायची होती. ते म्हणाले, राहू दे, नुसतं पणजी म्हणा, पोचतं. दादाने तसं म्हटलं आणि पाणी सोडलं.

पोचतं म्हणाले. मला ते काही पटलं नाही.

भाऊकाका लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि इतर हजारो माणसांसारखे तेही गावी आले, थोडे दिवस म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. थोडी शेती, पाच-सहा कलमं, आणि पुढे कधीतरी हे वंशावळीचं वेड लागलं. ते कसं लागलं ते मला नीट माहीत नाही, पण एकदा बोलता बोलता म्हणाले होते की गिरणीत आपला नुसता बिल्ला नंबर होता गो, नंबर गेला तशी ओळख गेली, मग म्हटलं आपण कोण ते तरी बघूया. पुण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, गावोगाव हिंडून दप्तरं जमवली, आणि कोकणातल्या कितीतरी घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापून झालेत. पण सनदा आणि पत्रं असणाऱ्यांचं ते. आमच्यासारख्या नांगरामागे आणि मागाच्या पुढे उभ्या राहिलेल्या घरांच्या दारात कुठला संशोधक येणार? त्यामुळे भाऊकाका स्वतःच हिंडले. तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदी, बघायला, शाळेत जनरल रजिस्टर बघायला (ज्यात अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून), मुंबईत गावकरी मंडळाच्या खोलीवर वर्गणीच्या जुन्या वह्या बघायला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला वेगळा झाला, त्याआधी आपण रत्नागिरीतच, त्यामुळे काही कागदांसाठी रत्नागिरीपर्यंत एसटीच्या खेपा. जुने कागद मोडी लिपीत, म्हणून मालवणात एका म्हाताऱ्या निवृत्त तलाठ्यांकडे जाऊन मोडी शिकले. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात. ते दाखवताना भाऊकाकांचा चेहरा असा व्हायचा की जणू सुगरण पक्ष्याचं घरटं दाखवतायत.

आणि गावपळण. आचऱ्याची गावपळण बहुतेकांना ऐकून माहीत असेल, रामेश्वराचा कौल झाला की दर तीन-चार वर्षांनी तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मागे घरात कोणी नाही. लोक बरोबर काय काय नेतात ते लहानपणी मी बघत बसायचे. आमच्याकडून तांदूळ, भांडी, अंथरुणं आणि भाऊकाकांच्या डोक्यावर पत्र्याची हिरवी ट्रंक. काकी चिडायची, तीन दिवसांसाठी कागद कशाला. पण भाऊकाकांचं म्हणणं की तीन दिवस म्हाताऱ्या माणसांना काही काम नसतं, शेत नाही, गोठा नाही, झोपडीसमोर चांदण्यात बसतात आणि गजाली मारतात, असा वेळ एरवी कधी मिळणार. खरंच होतं ते. मी बघितलंय, शेकोटीच्या उजेडात ते मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहायचे आणि समोर कोणीतरी आजी सांगत असायची की तो जन्मला तेव्हा मानमोडीची साथ होती (म्हणजे १९१८), किंवा ही नांदायला आली त्या पावसात रामदास बोट बुडाली (म्हणजे जुलै १९४७). तारखा कोणाला माहीत नसायच्या, पण कोण कुठल्या संकटाच्या वेळी जन्मलं ते पक्कं ठाऊक असायचं. भाऊकाका तिथल्या तिथे साल काढायचे.

२००३ च्या सुमाराला त्यांनी चौतीस पानांची पुस्तिका केली. एका डीटीपीवाल्या मुलाकडून टाईप करून घेतली, पन्नास प्रती स्पायरल बाइंडिंग करून सगळ्या नातेवाइकांना वाटल्या, आणि ती मोठी वंशावळ लॅमिनेट करून फ्रेम केली. तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, काम पूर्ण झालं. भाऊकाकांनाही तसंच वाटलं असावं. सीडी जपून कपाटात ठेवली.

भाऊकाका जानेवारी २०२१ मध्ये गेले, आणि त्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. १६ मेचा तो दिवस देवगड-मालवणकडचं कोणी विसरणार नाही. आमच्या घराची मागच्या बाजूची कौलं उडाली, माळ्यावर पाणी, आणि ट्रंक माळ्यावर. लाईट किती दिवस नव्हते आठवत नाही. काकीने एकटीने ती ट्रंक खाली ओढली, कागद मांगरात दोरीवर कपड्यांसारखे चिमटे लावून वाळत घातले, जे एकमेकांना चिकटून लगदा झाले ते न्हाणीच्या चुलीत गेले. मी तेव्हा मुंबईत कांजूरला, लॉकडाऊन, फोन लागत नव्हता. नंतर ती मला म्हणाली, "माका वाचूक येता थोडाफार, पण तेचा अक्षर माका कधी लागला नाय. सगळा तेच्या टकलेत होता." ही गोष्ट तिने साधेपणाने सांगितली, पण मला अजून मध्येच आठवते. शेजारी झोपणाऱ्या बायकोला ज्याची ओळख करून दिली नाही असं इतक्या वर्षांचं काम.

तर म्हाळानंतर संध्याकाळी मी काकीला म्हटलं, ती ट्रंक काढूया.

ट्रंक उघडली तेव्हा आलेला वास अजून नाकात आहे. ओल, वेखंड आणि गंज. वेखंडाची मुळं भाऊकाकांनी कसरीसाठी ठेवलेली, आणि त्यांचा उपयोगही झालेला, कसर अगदी कडेकडेलाच होती. गंज मात्र टाचण्यांचा. खाऱ्या हवेत टाचणी टिकत नाही, फुगते, फुटते आणि कागदात आपली तपकिरी खूण जाळत जाते. कित्येक ठिकाणी नेमकं नाव त्या खुणेखाली गेलेलं. चिकटपट्टीने जोडलेले फाटके कागद अजून वाईट, पट्टी सुटून पडलेली आणि तिच्या जागी पिवळाधमक पट्टा. सगळ्यात धडधाकट काय असेल तर काजळीच्या शाईत बोरूने लिहिलेला एक मोडी कागद, तोसुद्धा जिथे पाणी लागलं नव्हतं तेवढाच, कारण काजळी उन्हाने उडत नाही पण पाण्याने वाहून जाते.

बाकी सगळ्या चिठ्ठ्या. अगरबत्तीची पाकिटं उलगडून, एसटीच्या पासाच्या मागे, आणि जास्त करून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यातली एक मी हातात घेऊन बराच वेळ बसले. पुढच्या बाजूला गणपती, आमचे येथे श्री कृपेकरून वगैरे, गुलाबी रंग उडालेला. मागे निळ्या पेनाने बारीक अक्षरात एक नाव, त्याच्यापुढे गोल करून 'फे.' त्याखाली दुसरं नाव, त्यापुढे 'सां.' आणि बाजूला उभं लिहिलेलं, 'मा. आते, गावपळण, दुसरी रात्र'. मग प्रश्नचिन्ह. मग पेन बदलून, बहुधा काही वर्षांनी, अजून एक प्रश्नचिन्ह.

रात्री जेवून झाल्यावर काकी आणि मी दिव्याखाली बसून ती अक्षरं सोडवली. 'फे.' म्हणजे फेरफार, कागदावर आहे. 'सां.' म्हणजे कोणीतरी सांगितलं. 'पा.' म्हणजे भाऊकाकांनी स्वतः पाहिलेलं माणूस. एवढी तीनच अक्षरं, पण प्रत्येक नावापुढे. म्हणजे त्यांना प्रत्येक नाव कुठून आलं, कितपत खरं, ते माहीत होतं, आणि ते त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. पुस्तिकेत मात्र त्यातलं काहीच नाही. तिथे सगळी नावं सारख्याच ठशात, सारखीच खात्रीची. जिथे खात्री नव्हती तिथे भाऊकाकांनी जागा कोरी सोडली असणार आणि टाईप करणाऱ्या मुलाने ती भरून काढली, कारण पुस्तिकेत पणजोबांच्या पुढे छापलंय, 'पत्नी'. नुसतंच पत्नी. आम्ही सगळ्यांनी ती पक्की प्रत फ्रेममध्ये जपली आणि कच्चं माळ्यावर ठेवलं, पावसात.

आता त्या चिठ्ठीवरचं पहिलं नाव. त्याबरोबर भाऊकाकांनी फेरफाराची अख्खी नक्कल उतरवून घेतली होती. पणजोबा मानमोडीत गेले, मागे तीन मुलगे, थोरला नऊ वर्षांचा. जमिनीला मुलांची नावं लागली आणि मुलं अज्ञान, म्हणून त्यांच्यापुढे लिहिलं, अ. पा. क. आई, आणि मग तिचं नाव. अज्ञान पालन कर्ता. सातबाऱ्यावर आजही ही अक्षरं दिसतात, आपण वाचून पुढे जातो. तिच्या नावावर एक गुंठाही नव्हता. मुलं लहान होती आणि नवरा साथीत मेला, एवढ्या एका कारणाने तिचं नाव सरकारी कागदावर चढलं, आणि मुलं मोठी झाली तसं पुढच्या फेरफारात ते निघूनही गेलं. तो जगला असता तर आज तिचं नाव कुठेच नसतं. हे कळल्यावर मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

दुसरं नाव आतेने सांगितलेलं, ते माहेरचं असावं. लग्नात नाव बदलत, त्यामुळे एकाच बाईच्या अर्ध्या आयुष्याचा धागा एका नावाने तुटतो आणि दुसऱ्या नावाने दुसऱ्याच घरात सुरू होतो. भाऊकाकांना हे कळत होतं, चिठ्ठ्यांवर बायकांची नावं, माहेरचं गाव, सगळं आहे, शेकड्यांनी आहे. तरी चार्ट काढताना जागा पुरेना तेव्हा त्यांनी बायकाच वगळल्या. माझ्या बाबांच्या चौकोनाखाली माझ्या भावाचं नाव आहे, माझं नाही. गावपळणीत त्यांच्या शेजारी बॅटरी धरून बसायचे मी, आणि तरी नाही. ते विचारायचं राहून गेलं. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची आठवणही त्याच क्षणी येते, काय करायचं याचं.

मुंबईला येताना मी ट्रंकमधलं सगळं घेऊन आले. आधी सीडी लावून बघितली. फाईल उघडली खरी, पण स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं. त्या काळी मराठी टाईप व्हायचं ते त्या त्या फाँटच्या हिशोबात, आत साठायचं इंग्रजी अक्षर आणि वर दिसायचं मराठी, फाँट गेला की मराठी गेलं. युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधीचं असं केवढं मराठी असेल कोणाकोणाच्या कपाटात, बिचारे समजतायत की सुरक्षित आहे. फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर असतात, त्यात घालून थोडं वाचता आलं, जोडाक्षरं सगळी मोडलेली. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मोडी मला अजून कोणाकडून तरी वाचून घेता येते (आणि मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्येही जागा आहे), पण वीस वर्षांपूर्वीची फाईल वाचताना घाम फुटला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र रेकॉर्ड रूममध्ये उतरला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना केवढा भाव आला होता. कागद होते म्हणून वाचणारे शोधता आले.

मग सहा महिने रविवारचे रविवार मी हेच केलं. आधी टाचण्या काढल्या, खालून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून, नाहीतर कागदाचा तुकडा बरोबर येतो. एकेक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी स्कॅन केली, सहाशे डीपीआयला, लग्नपत्रिकेची पुढची बाजूसुद्धा, कारण निमंत्रकांच्या यादीत कोण कोणाचा काका ते सगळं असतंच आणि तेवढा खरा दाखला दुसरीकडे मिळत नाही. सुरुवातीला फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकत होते, पण व्हॉट्सॅप फोटो बारीक करतं आणि पेन्सिलीतलं नेमकं पुसट प्रश्नचिन्ह गायब होतं, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लागले. नावं गेडकॉम फाईलमध्ये भरली, वंशावळीचा जवळजवळ कुठलाही प्रोग्राम ती फाईल वाचतो, म्हणजे उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी अडत नाही. आणि प्रत्येक नावापुढे भाऊकाकांची तीन अक्षरं जशीच्या तशी. पहिल्या पानावर त्या अक्षरांचा अर्थ आणि तो कोणी लावला ते. लॅमिनेशन कशालाच केलं नाही, भिंतीवरच्या चार्टचं झालेलं बघितलंय, आतल्या आत पिवळा पडतोय आणि आता तो सोडवताही येत नाही. कागद मांजरपाटाच्या धुतलेल्या रुमालात, जुन्या दप्तरांसारखे. सगळं एका जागी नाही. चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं, २००५ च्या पुरात आणि परत २०२१ च्या पुरात त्यांची पुस्तकं पाण्यात गेली, ज्यांनी आयुष्यभर पुस्तकंच सांभाळली त्यांची ही गत, आपल्या माळ्याची काय कथा. एक प्रिंट आचऱ्याला, एक माझ्याकडे, एक बडोद्याच्या चुलत बहिणीकडे.

एक चिठ्ठी अशी निघाली की जिच्यावर वरती लिहिलंय, 'छापू नये'. घरातल्या एका मुलीबद्दल आहे, तिचं काय झालं त्याबद्दल. मी ती वाचून दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. भाऊकाकांनी छापली नाही, पण फाडलीही नाही, इतकी वर्षं ट्रंकमध्ये ठेवली, तीन गावपळणी डोक्यावरून नेली. मीही ती स्कॅन करून वेगळ्या पाकिटात घातली आणि पाकिटावर त्यांचेच दोन शब्द लिहिले. पुढे कोणाला त्याचं काय करायचं ते करू दे. मला फाडायचा अधिकार नाही एवढंच मला वाटलं.

दादाची मुलगी नववीत आहे. मे महिन्यात सुट्टीला आली होती, फोनवरच असते दिवसभर, मी काही तिला बसवून शिकवलं वगैरे नाही. नुसते रुमाल बांधत होते तर ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे सां. म्हणजे कोण? मी म्हटलं, कोण नाही, म्हणजे सांगितलं. कोणी? मी म्हटलं, बघ बाजूला लिहिलंय. तिने वाचलं, मा. आते, आणि म्हणाली, मालवणची आते अजून आहे की. तिलाच विचार ना.

सहा महिने मी स्कॅन करत होते. हे मला सुचलं नव्हतं. आते नव्वदीच्या पुढची आहे, ऐकू कमी येतं, पण आहे.

तिच्या सुनेने फोन तिच्या कानाला लावला. मी ओरडून ओरडून विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय गो? पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "इतक्या वर्सांनी कित्या व्हया तिचा नाव?" मी म्हटलं, म्हाळात घ्यायला. परत पंखा. मग तिने नाव सांगितलं, तेच, चिठ्ठीवरचं दुसरं. आणि म्हणाली, "पण त्या नावान तिका कोण हाक मारी नाय. आमी मोठी आयेच म्हणायचो. तिका सगळी मोठी आयेच म्हणत." फेरफारातलं नाव तिला सांगितलं तर ती म्हणाली, तां खयचा, माका म्हायत नाय.

मुलीने सगळं ऐकलं होतं. टेबलावर एक जुनी पत्रिका पडली होती, तिच्या मागच्या बाजूला तिने लिहिलं, मोठी आये, पुढे गोल करून सां., मालवण आते, फोनवर, आणि तारीख. भाऊकाकांचा गोल कसा असतो ते तिने नीट बघून ठेवलं होतं. मी त्या चिठ्ठीला नंबर दिला.

परवा भटजींना फोन केला, यंदाच्या म्हाळाची वेळ विचारायला. त्यांना म्हटलं, पणजीची दोन नावं मिळालीत, एक कागदावरचं, एक माहेरचं, आणि कुठलं ती स्वतःचं समजायची ते सांगणारं आता कोणी उरलं नाही, तर कुठलं घ्यायचं? नावं मी इथे मुद्दाम लिहिली नाहीत, आधी दादाच्या तोंडून जाऊ देत. भटजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दोन्ही घ्या, आणि दादाला सांगून ठेवा, पाणी दोनदा सोड म्हणून.